भिंतीवरचा धबधबा

मी धबधबा बोलतोय. खरा नव्हे, चित्रातला. सोनेरी चौकट, वर काच आणि अडकवायला मागे तार, एवढाच माझा पसारा. मी कुठल्या देशातला ते मलाच ठाऊक नाही, पण भिलाईत जो तो मला बघून "अरे, चित्रकोट!" म्हणतो. इकडचा नावाजलेला धबधबा तो, म्हणून मीही नाही म्हणत नाही.

माझा जन्म सुपेल्याच्या बाजारातल्या एका फ्रेमवाल्याकडे झाला. मोहितनं मला विकत घेतलं तेव्हा वाटलं, चला, आता कुणाच्या तरी बैठकीत आयुष्य निवांत जाईल. कसलं निवांत! मोहित निघाला घरांचा दलाल. विकायला निघालेल्या घरात मला टांगायचं आणि सौदा झाला की काढून गाडीत टाकायचं. एका घरात मी ओल झाकली, दुसरीकडे भिंतीची भेग झाकली. मग एका घरी मक्केच्या फोटोच्या जागी लागलो, एका घरी येशूच्या. मोहितच्या लेखी ओल काय नि देव काय, गिऱ्हाईक बिचकेल असं काही दिसायला नको. माणूस वाईट नाही हो तो. देवळासमोर गाडी हळू करतो, चर्चसमोरही हात जोडतो. फक्त घर दाखवताना त्याला भिंतीवर कुणी नको असतं.

भिलाई-तीन नावाच्या वस्तीत टिकारामजींच्या घरी मी कसा लागलो, ते सांगतो.

टिकारामजी पोलाद कारखान्यातून रिटायर झालेले. कंपनीचं क्वार्टर सोडायचं म्हणून त्यांनी हे घर बांधलं. त्यांच्या पत्नी भागीरथाबाईंना हृदयाचा त्रास. लेक साक्षी नागपुरात नर्स, तिनं "आता माझ्याजवळच या" म्हणून धोशा लावलेला. पण इथलं घर विकल्याशिवाय तिथं घेणार कशातून? आणि दलाल तर टिकारामजींना दारात नको होता. "आपलं घर आपुन दाखवू," ते म्हणायचे. "दलालाले काय मालूम, कोनती वीट कशी बसवली ते?"

हे सगळं माझ्या आधीचं. भागीरथाबाई मला पुसता पुसता सांगायच्या. आलेल्या माणसाला टिकारामजी गच्चीवर नेत, पाण्याची टाकी उघडून दाखवत, कुठला नळ गळतो तेही आपणहून सांगत. लोक खूश होत. मग बैठकीत चहाला बसत आणि नजर समोरच्या भिंतीवर जाई. तिथं बाबासाहेब. चहा अर्धा राही. "घर में सलाह करके बताते हैं," म्हणून जे जात ते जातच. टिकारामजींना वाटे, खोट नळात असेल. त्यांनी नळ बदलला. फरशी नवी केली, रंग काढला.

"समदं नवं केलं, आता कावून वापस जाऊन राहिले लोक?"

"ते काई नळ पाहून नाई जात," भागीरथाबाई म्हणाल्या. "तुमालेबी समजते. तुमी म्हनत नाई, एवढंच."

समजत होतंच त्यांना. पण एकदा भागीरथाबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं, साक्षी फोनवर रडली, आणि टिकारामजींनी निमूटपणे मोहितला बोलावलं.

मोहितनं घर पाहिलं, मान डोलावली आणि बैठकीत येऊन भिंतीकडे बोट केलं. "काकाजी, ग्राहक को घर दिखाना है, घरवाले नहीं."

"त्याईच्यामुळं हे घर हाय," टिकारामजी उठून उभे राहिले. "त्याईलेच उतरवू?"

"उतारना कहाँ है? बस, आधा घंटा अंदर."

"मंग आमीबी अंदरच बसतो."

शेवटी भागीरथाबाईच पुढे झाल्या. त्यांनी फोटो स्वतःच्या हातानं उतरवला, पदरानं पुसला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर पांढरं कापड अंथरून त्यावर उभा ठेवला. "मी जगली तं त्याईले नागपूरले नेईन," एवढंच म्हणाल्या. टिकारामजींनी तोंड फिरवलं. मग त्या खिळ्यावर मला टांगलं. खरं सांगतो, आजवर ओल झाकताना कधी वाटली नव्हती एवढी लाज मला त्या दिवशी वाटली.

रविवारी मोहित एक जोडपं घेऊन आला. नवरा रेल्वेत. नवऱ्याची ओळख मोहितनं करून दिली "कुमार साहब" आणि टिकारामजींची "टी. आर. साहब". आडनावाची गोष्ट कुणी काढायची नाही, हे त्यानं दोन्हीकडे बजावून ठेवलेलं. मग काय, सगळं बोलणं इस्त्री केलेल्या हिंदीत.

"चित्रकोट है न?" कुमार साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"जी," टिकारामजी म्हणाले. गळक्या नळाचीही कबुली देणारा माणूस हो हा!

कुमार साहेबांची बायको पायल भागीरथाबाईंबरोबर स्वयंपाकघर बघायला गेली. थोड्या वेळानं आतून हाक आली, "अवो, इकडं या ना जरा!" त्या दुपारी बाहेरच्या माणसाच्या तोंडून निघालेलं ते पहिलं मराठी. कुमार साहेब धावले. परत आले ते डोळे पुसतच.

"जय भीम, काकाजी. मी प्रेमानंद. आमी वर्ध्याकडचे." मग खालच्या आवाजात म्हणाले, "किरायाच्या घरात आमीबी बाबासाहेबाईले कपाटातच ठेवतो. घरमालक कवाबी येते."

मला वाटलं, आता हसतील, गळ्यात पडतील. भागीरथाबाई हसल्याही. पण टिकारामजी खुर्चीत बसले. जय भीमला जय भीम त्यांच्या तोंडून निघेना.

"परक्याईसाठी लपवलं," ते म्हणाले, "अन् आपल्याच मानसापासून लपवून बसलो."

प्रेमानंद त्यांच्या पायाशी फरशीवरच बसले.

सौदा तिथंच ठरला. मोहितनं माझ्या चौकटीवर थाप मारली. "देखा काकाजी? पेंटिंग लगाई और पहली ही पार्टी में मकान गया!"

टिकारामजींनी मला उतरवलं आणि त्याच्या हातात दिलं.

सध्या मी शेजारच्या दुर्ग शहरात एका बैठकीत लटकतोय. इथं माझ्या जागी आधी काय होतं, ते मला कुणी सांगितलेलं नाही. उद्या लोक यायचे आहेत. मंडळी, तुम्हीही कधी घर बघायला जाल, भिंतीवर मी दिसेन, आणि तुम्ही मला छान म्हणाल. त्याआधी एवढंच विचारा, की या घरात कुणाला आत बसवलंय.