पोट उतरवणारा दोरा

मारेगावजवळच्या तांड्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे पाहावं तिकडे पोटं. काही शर्टाच्या गुंड्यांशी भांडत होती, काही निऱ्यांना जुमानत नव्हती. मधोमध गादीवर दोरेवाले महाराज बसले होते. त्यांचं स्वतःचं पोट उपरण्याखाली सुखात होतं, पण ते विचारणार कोण?

"पोटात चरबी नसते, माय," महाराज सांगत होते. "लोकांची नजर साचलेली असते. माझा मंतरलेला दोरा कमरेला बांधा. टेकडीला रोज चार फेरे घाला, झपाझप. रेंगाळलं की मंत्र गळतो. तीन महिन्यांत दोरा आपोआप ढिला होतो."

पुराव्यादाखल त्यांनी बिजलीबाईला उभं केलं. तीन महिन्यांपूर्वी पोटाला घट्ट बसलेल्या तिच्या दोऱ्यात आता चार बोटं जात होती. लोकांनी हात जोडले. एवढ्याशा पुराव्यावर माणसं किती लवकर वाकतात!

"आता साखरेच्या गोळ्या फेकून दे," महाराज म्हणाले. "पुढचं दोरा पाहून घेईल."

बिजलीबाईचा चेहरा उतरला. मधुमेहाच्या अशाच गोळ्या सोडून तिची थोरली बहीण पाय गमावून बसली होती.

उपकेंद्राची नर्स बबिता गर्दीतून पुढे आली. "महाराज, दोरा लालसिंगकाकानंही बांधला. त्याईचं पोट काहून तसंच?"

"श्रद्धा कमी पडली."

"काका, फेरे घातले नाही का तुम्ही?"

"रोज घातले. मोटरसायकलवर," लालसिंग म्हणाला. "महाराजच म्हणे झपाझप. गाडीपेक्षा झपाझप काय असते?"

लोक हसले. महाराजांनी घाईघाईनं बिजलीबाईकडे बोट दाखवलं. "हिच्याकडं पाहा. माझा दोरा खोटा कसा?"

बिजलीबाईनं कमरेचा दोरा चाचपला. मग म्हणाली, "महाराज, तुमचा दोरा तं दुसऱ्याच आठवड्यात तुटला. तुमचा कोप होईन म्हणून मी बकरी बांधायचा सोडून तसाच घट्ट बांधला. हा तोच होय."

मंत्र बकरीलाही येत असावेत.

बबितानं मग सगळ्यांना सांगितलं, "बिजलीकाकू रोज तासभर दम लागेपर्यंत चालली. अशा चालण्यानं साठलेली चरबी जळते, आतड्याभोवतीचीही. काट्यावर वजन फारसं उतरलं नाही तरी कमर आत येते. गोळ्यांचं मात्र डॉक्टरले विचारा, दोऱ्याले नाही."

महाराजांनी गादी गुंडाळली. उन्हं डोक्यावर यायच्या आत त्यांची जीप डांबरीला लागली होती.

टेकडी आहे तिथेच आहे. बिजलीबाई सकाळची गोळी घेऊन फेऱ्यांना निघते. मागून लालसिंग धापा टाकत येतो, आता पायी. दोरा बकरीला परत मिळाला. बाबांनो, पाय तुमचे, घाम तुमचा. मग त्याचं श्रेय दुसऱ्याच्या गादीवर नेऊन कशाला ठेवता?