बॉयलरवाल्याचा पेला

मी एक जुनं मालवाहू जहाज आहे. युद्धनौका नाही! पण मित्रांनो, वर होडीतले डायव्हिंगचे मास्तर दर रविवारी नवशिक्यांना "ही युद्धनौका बरं का" असंच ठोकून देतात. माझ्या पोटात पीठ, साबण आणि बूट असत.

गोदीत पत्र्याला पत्रा जोडून मला बांधलं, तेव्हा माझं काय कौतुक झालं होतं! पुढे युद्धात बॉम्ब पडला आणि मी इथे उथळ पाण्यात बसलो. डोलकाठीचा शेंडा अजून पाण्याबाहेर आहे, त्यामुळे होडीतलं बोलणं मला ऐकू येतं. पाणी उथळ, म्हणून नवशिक्यांची शाळा माझ्याच डोक्यावर भरते. कुणी कठड्याला लोंबकळतं, कुणी पाय झाडून गाळ उडवतं आणि वर जाऊन "काही दिसलंच नाही" म्हणून कुरकुरतं. अरे, दिसेल कसं?

हेही मी सोसलं. पण बॉयलरशेजारच्या खिळ्याला एक पितळी पेला अडकवलेला होता. तो आमच्या बॉयलरवाल्याचा. बाकीचे पोहून किनाऱ्याला लागले, तो मात्र बॉयलर फुटू नये म्हणून वाफ सोडायला खाली राहिला आणि गेला. पेला मी इतकी वर्षं जपला. मग एका रविवारी एका गृहस्थांनी तो गुपचूप जाकिटाच्या खिशात घातला. म्हणे आठवण!

पुढच्याच रविवारी पिकल्या केसांच्या एक बाई उतरल्या. हळू, कशालाही धक्का न लावता, थेट बॉयलरपाशी आल्या. रिकाम्या खिळ्यावर टॉर्च धरून कितीतरी वेळ थांबल्या. माझा जीव अगदी तुटला.

वर गेल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या डायव्हिंगच्या दुकानातल्या फोटोत तर पेला आहे. बाबांचा आहे हो तो. आई सांगायची, मी दातांनी त्याची कड चेपवली होती. तो हातात घ्यायचा म्हणून तर पोहायला शिकले मी."

"मावशी, गेल्या रविवारपर्यंत होता हो," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, बुडालेल्या वस्तू बेवारस नसतात. आणि अहो, पेला नेणारे गृहस्थ! तुमच्या कपाटातल्या त्या पेल्याच्या कडेवर बोट फिरवून बघा, दातांच्या खुणा लागतील. तो त्या डायव्हिंगच्या दुकानात नेऊन द्या. पण जरा लवकर. मावशी एक्याऐंशी वर्षांच्या आहेत.