पिकायच्या आधी उपसलेला उकिरडा

मी एक जुना उकिरडा आहे. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. पण मित्रांनो, आज मी गोड बोलणार नाही. काही दोष नसताना मला जिवंत गाडलं होतं.

वैनगंगेकाठच्या कारध्यात ईश्वर नावाच्या शेतकऱ्यानं बहात्तर सालच्या उन्हाळ्यात मला खोदलं. कमरेइतका खोल खड्डा, वर पळसाच्या डहाळ्यांची सावली. घरामागच्या बाडीत त्याची बायको गोदावरीबाई वांगी, मिरची, वाल आणि सांबार लावायची. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. ती मला रोज जेवू घालायची: शेण, चुलीची राख, धानाचं तणीस, भाजीचे देठ. वरून पाण्याचा शिपका आणि मातीचा थर. मग मला निवांत सोडायची. पुढं कधीतरी तळाशी हात घालून मूठभर काढायची आणि नाकाशी न्यायची. शेणाचा वास जाऊन रानातल्या मातीचा वास आला की म्हणायची, पिकलं. तोवर कोणाला फावडं लावू द्यायची नाही.

तिच्या वांग्यांची तारीफ अख्खी आळी करायची. माझी कोणी केली? दिवाळीला माझ्यावर एक पणती ठेवायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा थुंकायचे. येता-जाता फुटक्या बांगड्या टाकायचे, बाटल्यांच्या काचा टाकायचे. एकदा त्या काचेनं गोदावरीबाईचा तळवा चिरला. तिनं हळद दाबली आणि पुन्हा हात घातला. टाकणारे मात्र कुंपणापलीकडे हसत उभे होते.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी तरी फिटते म्हणतात. माझं उलटंच झालं. बारा वर्षांनीच माझी दैना सुरू झाली.

तोवर ईश्वर वारला होता. मुलगा धनीराम वरठीच्या कारखान्यात लागला होता आणि त्यानं मोटारसायकल घेतली होती. चौऱ्याऐंशी साली गोदावरीबाई लेकीच्या बाळंतपणाला तुमसरला गेली. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरणार, पाहुणे येणार, तोवर बाडी भरलेली दिसावी असं धनीरामला वाटलं. हेतू चांगला होता, ते मी नाकारत नाही. पण गडी घाईचा. माझ्या तळाशी काळंभोर पिकलेलं खत होतं. तिथवर खणायला कंबर वाकवावी लागते. त्यानं वरचं कच्चं शेण उपसलं आणि रोपांच्या बुडाशी थापलं.

व्हायचं तेच झालं. कच्च्या शेणाच्या उष्णतेनं मुळं भाजली, उरलेल्यांना वाळवी लागली. मंडईपर्यंत बाडीत नुसत्या काड्या उभ्या होत्या. आणि शिव्या कोणाला? मला! या उकिरड्यानं बाडी खाल्ली, असं तो गावभर सांगत सुटला. एक गाडीभर मुरूम आणून त्यानं मला बुजवलं, वर टिनाचं छप्पर घातलं आणि माझ्या छाताडावर मोटारसायकल उभी केली.

गोदावरीबाई परतली. मेलेली रोपं तिनं उपटून पाहिली, तेव्हा मुळाशी वाळलेलं शेण चिकटलेलं होतं. ती मुलाला एवढंच म्हणाली, "कच्चा भात तूच उतरवला, पोट दुखलं, अन आता तांदळाले शिव्या देऊन राहिला काय?"

धनीरामनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाडीत पोत्यातलं पांढरं खत पडू लागलं, तरी पहिल्यासारखी वांगी काही आली नाहीत. जिच्या दारी लोक सांबार मागायला यायचे, ती बाई बाजारातून सांबार विकत आणू लागली. मुरुमाखाली मी नुसता जळत होतो.

पण माझ्या पोटात कोहळ्याचं एक बी होतं. तुम्ही त्याला लाल भोपळा म्हणता. पावसाळ्यात ते मुरुमाच्या कडेनं वर आलं आणि वेल सरळ मोटारसायकलीच्या चाकावर चढला. धनीराम तोडणारच होता, आई आडवी उभी राहिली. वेलाला एकच फळ धरलं, पण असं की दोन हातांत मावेना.

तिनं त्याची भाजी केली. धनीरामनं दोनदा मागून घेतली आणि विचारलं, "माय, याले कोन्तं खत टाकलं होतं?"

"ज्याच्यावर तुयी गाडी उभी असते, तेच."

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी अंगणात लावली, छप्पर काढलं आणि मुरूम उपसला. माझ्या तळाचं जुनं खत बाडीत गेलं, त्यातलं एक टोपलं तेवढं आईनं बाजूला ठेवायला लावलं. नवा थर घातला की ती त्यातलं थोडं मिसळायची, दुधाला विरजण लावतात तसं.

पुढल्या मंडईच्या आधी धनीराम फावडं घेऊन माझ्यापाशी आला, पण थांबला. त्यानं आईला हाक मारली. तिनं हात घातला, मूठ नाकाशी नेली आणि नाही म्हणून मान हलवली. तो फावडं घेऊन मुकाट परत गेला.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. घाई तुमची आणि दोष माझा, हे आता चालणार नाही. शेण द्या, पाला द्या, पाणी द्या आणि मला पिकू द्या. आणि माझ्यात काच टाकायला हात उचलाल, तेव्हा एवढं ध्यानात असू द्या: मी पिकलो की नाही, हे गोदावरीबाई अजून हात घालूनच बघते.