अकरा संदर्भ

"किती झाले आज?" संध्याकाळी बायकोने कप टेबलावर ठेवत विचारलं.

"दोन हजार तीनशे चाळीस."

"आणि तुमचे?"

"चहात साखर नाहीये," प्राध्यापक म्हणाले.

त्यांचे अकरा होते. म्हणजे अकरा लेखांनी त्यांच्या संशोधनाचा संदर्भ दिला होता, आणि त्यांतले सात लेख त्यांचे स्वतःचेच होते. दोन हजारवाली त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता त्यांचीच विभागप्रमुख. रोज सकाळी कॉलेजात पोचले की तिचा आकडा ते एका वहीत टिपत आणि वही ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवत. जळफळाट व्हायचा, पण नोंद चुकायची नाही.

व्यवस्थापन माहिती प्रणाली हा विषय त्यांनी एकतीस वर्षं शिकवला. हयातीत मनासारखं काम एकच झालं: समोर नवाकोरा संगणक असूनही गोदामातले कारकून ड्रॉवरमध्ये चोरून वही का ठेवतात, याचा अभ्यास. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या दिवशी एका नियतकालिकाकडून त्यांच्याकडे लेख परीक्षणाला आला. लेखकाचं नाव झाकलेलं. पण 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणून पुढे दीड पान सांगायची खोड फक्त तिचीच, विभागप्रमुखांची. लेखक ओळखू आला तर लेख परत करावा, असं ते स्वतःच वर्गात शिकवत. त्यांनी पुढे वाचलं. लेख उत्तम होता. आणि अख्खा उभा होता तो त्यांच्या गोदामाच्या अभ्यासावर. छापला असता तर गोदाम जगभर गेलं असतं. पण तिच्या खांद्यावर बसून.

पाडायचा तर पायाच उखडायला हवा होता. तासभर येरझारा घालून त्यांनी लिहिलं, 'आधाराला घेतलेला मूळ अभ्यास तोकडा व कालबाह्य. लेख नाकारावा.'

महिन्याभराने ती तणतणत केबिनमध्ये आली.

"सर, कुठल्या गाढवाने परीक्षण केलंय बघा! तुमचा अभ्यास म्हणे तोकडा!"

"असेल कुणी जाणकार."

"कसला डोंबलाचा जाणकार! संपादक म्हणतात, तेवढा भाग काढा, लगेच छापतो. मी म्हटलं, नका छापू."

"अगं, वेडी आहेस का? काढून टाक."

"काय बोलताय सर? तो वाचूनच तर मी या विषयात आले."

ती गेली. प्राध्यापकांनी ड्रॉवर उघडला, वही काढली, तारीख घातली. तिचा आकडा समोर पडद्यावर होता. तो त्यांनी लिहिला नाही. त्याऐवजी बारीक अक्षरात लिहिलं, 'वाचणारे: एक.'