रावेरचा जन्म, भोपाळचा फॉर्म

भोपाळच्या लॉ कॉलेजचा फॉर्म शनिवारपर्यंत तिथं पोहोचायला हवा होता, आणि आज गुरुवार. फोटो चिकटवला, ड्राफ्ट लावला, सह्या केल्या. राहिलं होतं ते फक्त मूल निवासी प्रमाणपत्र, म्हणजे मी याच राज्यातली रहिवासी असल्याचा सरकारी कागद. ते असेल तरच मध्य प्रदेशच्या मुलांसाठी राखलेल्या जागांवर माझा हक्क. बाकीच्या जागांसाठी अख्खा देश रांगेत, आणि सरावाच्या पेपरात माझं लॉजिक अजून पन्नासात तीसच्या पुढे सरकत नव्हतं. कागद नाही तर भोपाळ नाही, इतकं साधं होतं.

बुऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीत खिडकीतल्या बाबूंनी माझा जन्मदाखला उलटा केला, सुलटा केला.

"रावेर, जिला जलगाँव. बेटा, तू तो महाराष्ट्र की निकली!"

रांगेतले हसले. माझे कान तापले.

"पैदा वहाँ हुई, काकाजी. रहती तो यहीं हूँ, लोधीपुरा में."

"तो दस साल का सबूत ला." आणि जेवायला खिडकी बंद.

मला आईचाच राग आला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती बसनं रावेरला गेली. सव्वा महिन्याची मी परत आले. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरी अशाच, रावेर नाहीतर यावलला जन्मलेल्या. पण त्यांना कुठं वकील व्हायचंय!

पप्पांच्या स्कूटरवरून आम्ही माझ्या जुन्या प्राथमिक शाळेत गेलो. बडी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, आशाबाईंनी ओळखलं. "तूच ना गं ती, बोलायचं थांबायचीच नाहीस?"

"अजून थांबत नाही," पप्पा म्हणाले.

बहनजींनी दाखल-खारिज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, काढलं. माझं नाव सापडलं. पहिली, जुलै त्र्याण्णव. अकरा वर्षं! मी टाळ्याच वाजवल्या. मग पुढचा रकाना वाचला. जन्मस्थान: बुऱ्हाणपूर.

"पप्पा, हे काय?"

पप्पा स्वतः मास्तर. चष्मा पुसत म्हणाले, "घर इथं, म्हणून इथलंच लिहिलं. सगळेच लिहितात गं."

शिक्क्याची नक्कल घेऊन परत आलो, तर खिडकीत दुसरेच बाबू. त्यांनी नक्कल पाहिली. "जन्म बुरहानपुर? बस, हो गया. और कुछ लगाना है?"

पप्पांनी माझा दंड दाबला. रावेरचा दाखला माझ्या पिशवीत होता. नुसतं "नहीं" म्हणायचं होतं. उद्या भोपाळला मूळ कागद तपासायला बसतील, तेव्हा माझे दोन जन्म शेजारीशेजारी ठेवतील. आणि नाही तपासलं तर? तर मी वकिलीची सुरुवातच अशी करायची?

"ये भी है," मी म्हटलं आणि दाखला आत सरकवला.

बाबूंनी दोन्ही कागद पाहिले. "दो जगह पैदा हुई हो?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पा पुढं झाले. "रजिस्टर में मैंने लिखवाया था. गलती मेरी है."

रांगेत पप्पांचे दोन विद्यार्थी उभे होते. त्यांच्यासमोर म्हणाले.

"लिखकर दीजिए."

पप्पा लिहू लागले. मी खिडकीत डोकं घातलं. "काकाजी, जन्म छोड़िए, स्कूल में दाखिले की तारीख देखिए. ग्यारह साल हो गए. नियम में दस साल का रहना चलता है ना?"

"बहुत बोलती है," बाबू म्हणाले, आणि कागद घेऊन मोठ्या साहेबांकडे आत गेले.

वीस मिनिटं. पोस्टाची खिडकी चारला बंद होते. साहेब नाही म्हणाले तर? पप्पांना उगाच सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं मी. मला रडू येत होतं, पण रांगेत कसं रडणार?

साडेतीनला बाबू बाहेर आले. कागदावर लिहिलं होतं, निवास के आधार पर. खाली सही, अजून ओली.

"माफ करा पप्पा," मी म्हटलं.

"घरी जाऊन माग माफी. आत्ता पोस्टात पळ!"

सहीवर फुंकर घालत मी जी पळाले, तर मागून पप्पांचा आवाज, "अगं बाई, गाडीवर बैस की!"