दोघांनाही येत नाही

शिट्टी नारिंगी होती, बोटीत चढताना मिळालेल्या जाकिटाच्या खांद्याला दोरीनं बांधलेली, आणि तिच्या तोंडावर कुणाच्या तरी दातांच्या खुणा होत्या. भ्यालेल्या माणसानं चावली असेल... तिनं ती अंगठ्यानं पुसली आणि सोडून दिली. तिची स्वतःची शिट्टी पितळेची होती. पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहून ती वाजवायची तेव्हा पाण्यातली सगळी मुलं एकदम माना वर काढायची — पण ते लग्नाआधीचं, आणि लग्नानंतरच्या जेमतेम वर्षभराचं.

“पोहता येतं का?” एकेकाला विचारत नावाडी त्यांच्या बाकापाशी आला.

“नाही,” ती म्हणाली. “दोघांनाही येत नाही.”

हे उत्तर तिच्या तोंडात बसून गेलं होतं. नवऱ्याला चारचौघांत एकट्यानं ‘नाही’ म्हणावं लागू नये म्हणून तिनं कधीतरी स्वतःचंही ‘नाही’ त्यात घातलं, आणि मग ते तसंच राहिलं. नवऱ्यानं नुसती मान हलवली आणि तो खाली बघू लागला. बोटीच्या तळाला काच होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीनं त्यांना या बेटावर पाठवलं होतं, आणि काय काय बघायचं तेही तिनंच ठरवलं होतं — गुहा, कासवांची पिल्लं, टेकडीवरून सूर्यास्त, आणि ही बोट, म्हणजे बाबांना पाण्यात न उतरता प्रवाळ दिसेल. मुलगी स्वतः समुद्रात कधी घोट्याच्या वर गेली नव्हती. शाळेत पोहण्याचा तास असला की बाबा तिला घरीच ठेवून घ्यायचे.

काचेखालून पिवळ्या माशांचा थवा गेला. “अगं, बघ बघ,” म्हणत नवऱ्यानं तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला. बेटावर आल्यापासून तो असाच सैलावला होता. काल टेकडीवर चक्क शीळ घालत होता. घरी सदा कपाळाला आठ्या घालून बसणारा हा माणूस — तिला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

मग समोरच्या बाकावरच्या नव्या नवरीची टोपी उडाली. नावाडी नांगर टाकण्यात गुंतला होता. टोपी पाण्यावर डुलत लांब जायला लागली, नवरी हसत होती, तिचा नवरा ‘जाऊ दे, दुसरी घेऊ’ म्हणत होता, आणि हिच्या शेजारी बाक हलका झाला. बाकावर तिच्या नवऱ्याचं नुसतं जाकीट पडलं होतं.

ती ओरडायला उठली. पण ओरडली नाही, कारण तो बुडत नव्हता — तो पोहत होता... हात लांब, कोपर वर, आणि दर तिसऱ्या हाताला श्वास, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. असा श्वास आपोआप येत नाही. तो शिकवावा लागतो, मुलांच्या नाकातोंडात पाणी जातं, मुलं रडतात, रुसतात, तेव्हा कुठे तो येतो — मी शिकवला आहे, मला माहीत आहे.

माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतंस ना, पाण्याची भीती वाटते म्हणून? चुलतभाऊ डोळ्यांदेखत तळ्यात बुडाला तेव्हापासून. माझ्या ओल्या केसांना तलावाचा वास आला की झोपेतून दचकून उठायचास, छाती आवळतेय म्हणायचास. माझा जीव तीळ तीळ तुटायचा. नोकरी सोड असं तू एकदाही म्हणाला नाहीस. मीच जाऊन तलावाच्या किल्ल्या परत केल्या, रडत, पण स्वतःहून, आणि त्याचा मला किती अभिमान होता... केसानं गळा कापलास. इतक्या वर्षांत ताकास तूर लागू दिली नाहीस.

एखादं पोर बुडत असतं तर तिनं माफ केलं असतं, तिथल्या तिथे, आनंदानं. पण टोपी! एका अनोळखी बाईची गवताची टोपी. आणि ती हाती आल्यावरही तो लगेच परतला नाही. टोपी पोटावर ठेवून, डोळे मिटून उताणा तरंगत राहिला. घरच्या पलंगावर तो इतका निवांत कधी झोपला नव्हता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरीनं ‘थँक यू काका’ म्हटलं. तो निथळत येऊन बसला, कान झटकला, आणि मग तिच्याकडे बघावंच लागलं.

“लहानपणी थोडं शिकलो होतो,” तो म्हणाला.

“आणि तळ्यातला भाऊ?”

तो गोंधळला. आठवायलाच त्याला वेळ लागला. “ते तुझ्या अजून लक्षात आहे?”

तिनं बाकावरचं त्याचं जाकीट उचलून बाजूला ठेवलं.

“नुसतं नको म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस,” तो हळूच म्हणाला, जवळजवळ कौतुकानं. “त्या तलावापुढे तुला दुसरं काही दिसायचं का?”

नावाडी पाण्यात शिडी सोडत होता. “मावशी, काका तर पट्टीचे निघाले. तुम्ही उतरणार का? जाकीट आहे, घाबरू नका.”

ती उठली. सगळ्यांसमोर जाकीट काढून फेकावं, सूर मारावा, त्याला मागं टाकून पार त्या खडकापर्यंत जावं — बोटं बकलाकडे गेलीसुद्धा. खाली पाणी होतं, निळं, तळ दिसेल इतकं स्वच्छ. तिनं पहिला हात मनात टाकून बघितला... आणि श्वास कधी घ्यायचा ते आठवेना. त्यानं लपवून ठेवलं होतं म्हणून त्याचं शाबूत राहिलं. मी खरोखरच सोडलं होतं. छातीत काहीतरी आवळत गेलं, अगदी तो तेव्हा सांगायचा तसंच, आणि तिला कळलं की ही भीती आहे — त्याची, त्यानं बनवलेली, आणि आता तिची.

“येतं का मावशी थोडंफार?” नावाड्यानं विचारलं.

नवरा उत्तराची वाट बघत होता. तिनं शिट्टी मुठीत घट्ट धरली. “नाही,” ती म्हणाली, “मला येत नाही.”