थिनरच्या खोलीतली बाधा

सांवेर रोडवरच्या त्या रंगाच्या कारखान्याच्या पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. रंग ढवळायचं सोडून सगळे ज्वालानाथ महाराजांकडे डोळे लावून बसले होते. कामगारांच्या बायका आल्या होत्या, शेजारच्या कारखान्यातले लोक कंपाउंडवर चढले होते. महाराजांपुढे एका परातीत थिनर ओतलेलं होतं. चेल्याने लांब काठीला बांधलेला पेटता बोळा पुढे केला मात्र, परात भडकन पेटली. बायका किंचाळल्या. वर झाकण टाकून आग विझवली गेली, परात थंड झाली, आणि मग महाराजांनी आपला पितळी कंदील उचलला. आत ज्योत चांगली जिवंत होती. तो कंदील त्यांनी सरळ परातीवर धरला, आणि काही म्हणजे काही झालं नाही.

"देखो! अग्नि भी हमसे पूछ के जलती है!" महाराज गरजले. "प्रेत कितना भी जिद्दी हो, इस ज्योत के आगे पानी भरता है!"

थिनरजवळ पाण्याचं नाव निघालं हेच नशीब. पण लोकांनी जयजयकार केला.

मागे उभा असलेला धनेश कारखान्याचा मेंटेनन्स इंजिनिअर होता. कंदिलाच्या नक्षीआड भस्म फासलेली बारीक जाळी आहे, हे त्याने कधीच ओळखलं होतं. तरी त्याचं तोंड उघडेना. चोराच्या मनात चांदणं!

दसऱ्याला या कारखान्यात प्रत्येक यंत्राची पूजा होते. थिनरच्या खोलीतले जुने ऑपरेटर गजानन काका खजरान्याच्या गणपतीला लावून आणलेला लाल धागा स्विचच्या पेटीला बांधायचे. ही पेटी जाड बिडाची, फ्लेमप्रूफ, म्हणजे आतला जाळ बाहेर येऊ न देणारी. यंदा काकांनी आग्रह धरला, "भिया, धागा आतून बांधू दे, बाहेर तो पुसापुशीत निघून जातो." धनेशने वीज बंद करून झाकण उघडलं. पुन्हा लावताना धाग्याची गाठ झाकणाच्या कडेखाली आलेली त्याला दिसली होती. पण समोर काका हात जोडून उभे. त्यांच्या देखत देवाचा धागा कसा तोडायचा? नंतर काढू, म्हणून त्याने बोल्ट आवळले, आणि ते नंतर काही आलं नाही.

मग एका दुपारी काकांनी स्विच दाबला आणि पेटीबाहेर भपकन जाळ झाला. काकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. धनेशने झाकण उघडलं तेव्हा धाग्याचा कोळसा झालेला होता. त्याने तो चिमटीत धरला, इकडे तिकडे पाहिलं आणि नाल्यात टाकून दिला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी मेलेल्या चौकीदाराचं नाव काढलं, खोलीत बाधा आहे असं ठरलं, आणि धनेश हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. ती बाधा त्याच्या पथ्यावर पडली होती. काकांना खरं कळलं तर आपल्याच धाग्याने भाजलो म्हणून वाईट वाटेल, अशी त्याने मनाची समजूतही घातली होती.

महाराजांनी आता झोळीतून जाडजूड काळा गंडा काढला. "इसको डिब्बे के ढक्कन में दबा दो. प्रेत अंदर का अंदर!"

"लावून टाका, धनेशजी," कारखान्याचे मालक सेठ म्हणाले. "काका आजपासूनच ड्यूटीवर येतील."

बँडेज बांधलेला हात सावरत काका उठले. शेजारी त्यांची बायको रमाकाकू प्रसादाचा द्रोण घेऊन उभ्या होत्या. "चल भिया," काका हसून म्हणाले, "आता काय डर नाय."

ते हसणं धनेशला सहन झालं नाही.

"नाही लावणार," तो म्हणाला. "आधी ती परात लांब न्या. आणि कॅन्टीनमधून गॅसची शेगडी आणि मैद्याची चाळणी आणा."

"ये पापी है!" महाराज ओरडले.

"आहे. पण महाराज, कंदिलाची जाळी काढून धरता का परातीवर?"

महाराजांना एकाएकी आठवलं की मुहूर्त टळून गेलाय.

शेगडी आली. धनेशने ती पेटवली आणि चाळणी आडवी धरली. ज्योत जाळीखालीच अडली. त्याने वर पेटती काडी नेली, तर जाळीच्या वरही आग लागली. "बघा, गॅस वर येतच होता. आग येत नव्हती. जाळीच्या भोकांतून येताना ती थंड होते." त्याने ज्योत विझवली, जाळी निवू दिली, स्क्रूड्रायव्हरने एक मोठं भोक पाडलं आणि शेगडी पुन्हा पेटवली. त्या भोकातून ज्योत सुर्रकन वर आली.

"आपली पेटीही अशीच. थिनरची वाफ आत शिरते, ठिणगीने आत जाळ होतो. पण झाकणाच्या फटीतून बाहेर येईपर्यंत तो थंड होतो, कारण फट फार बारीक असते. तीत गाठ अडकली की झाकण नीट बसत नाही आणि हे असं भोक पडतं." तो काकांकडे वळला. "काका, तुमचा धागा झाकणात आलेला मी पाहिला होता. तरी बोल्ट आवळले. जळलेला धागा मीच फेकला."

रमाकाकू पुढे आल्या. "आणि आम्ही या बाबाच्या पाया पडत होतो, ते पण तू बघत होतास?"

"होतो," धनेश म्हणाला.

काकांनी बँडेजकडे पाहिलं. "तोडायचा ना रे धागा," ते म्हणाले. "गणपती काय नाराज होणार होता का? मी तर होतो ना समोर. मला सांगायचं."

ते खोलीकडे न जाता गेटकडे चालू लागले. धनेश मागे गेला, तशी त्यांनी डाव्या हाताने त्याला थांबवलं. "आज नको, भिया."

सेठनी पोलीस बोलावून महाराजांना त्यांच्या ताब्यात दिलं. सेठनी धनेशवर चौकशी बसवली, ती रास्तच होती. काकांनी त्याला माफ केलं की नाही, हे कुणी विचारू नये, कारण ती माफी मागण्याचीही त्याची अजून हिंमत झालेली नाही. देवाला हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण कुणी भाजलं, पडलं, मेलं, तर आधी कारण शोधा. आणि ज्याला ते ठाऊक असेल त्याने त्याच दिवशी बोलावं. महाराजांनी लोकांना एक दिवस फसवलं. धनेशने गप्प राहून त्यांना फसायला तयार ठेवलं होतं.